फ्रॉइड यांच्या जबड्याची सोळा वर्षे

माणसाच्या मनाचा तळ धुंडाळणारा संशोधक म्हणून सिग्मंड फ्रॉइड यांचे नाव जगाला परिचित आहे. मात्र आयुष्याच्या अखेरच्या सोळा वर्षांत या मनोविश्लेषकाचा रोजचा झगडा चालला होता तो स्वतःच्या जबड्याशी. तोंडाचा कर्करोग, तीसहून अधिक शस्त्रक्रिया, रेडियम आणि क्ष-किरणांचे उपचार आणि तोंडात कधीही नीट न बसलेली एक कवळी असा हा प्रवास होता. किरणोपचारांचा दात आणि जबड्याच्या हाडावर काय परिणाम होतो, याचे ज्ञान त्याच काळात हळूहळू आकार घेत होते. फ्रॉइड यांच्या पदरात ते पडले नाही. आजच्या रुग्णाला मात्र ते वेळेवर मिळू शकते.

व्हिएन्नातील सिगार

६ मे १८५६ रोजी तत्कालीन ऑस्ट्रियन साम्राज्याच्या मोराव्हिया प्रांतातील फ्रायबर्ग या लहानशा गावी फ्रॉइड यांचा जन्म झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील लोकरीचे व्यापारी होते. १८६० मध्ये हे ज्यू कुटुंब व्हिएन्नाला आले आणि पुढची ७८ वर्षे हेच शहर फ्रॉइड यांची कर्मभूमी ठरले. १८८१ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. १८८६ मध्ये मार्था बर्नाईस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९१ पासून बर्गगासे रस्त्यावरील १९ क्रमांकाच्या घरात त्यांनी संसार आणि दवाखाना दोन्ही थाटले. स्वप्नांचा अर्थ उलगडणारा त्यांचा गाजलेला ग्रंथ १८९९ च्या अखेरीस याच घरातून बाहेर पडला.

तरुण वयात, १८८४ मध्ये, त्यांनी कोकेन या द्रव्यावर निबंध लिहिला होता. या द्रव्याने शरीराचा भाग बधिर होतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पण डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याचा वापर करून स्थानिक भुलीचा मार्ग दाखवला तो त्यांचे सहकारी कार्ल कोलर यांनी. ते श्रेय हुकल्याची रुखरुख फ्रॉइड यांना दीर्घकाळ राहिली. पुढे त्यांच्या जबड्यावर ज्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील अनेक स्थानिक भुलीखालीच झाल्या, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल.

सिगार हा फ्रॉइड यांचा जन्माचा सोबती होता. दिवसाला सुमारे वीस सिगार ओढण्याची त्यांची सवय होती. १८९० च्या दशकात हृदयाचे ठोके अनियमित होऊ लागले, तेव्हा बर्लिनमधील त्यांचे डॉक्टर मित्र विल्हेल्म फ्लीस यांनी धूम्रपान थांबवण्याचा सल्ला दिला. फ्रॉइड यांनी प्रयत्नही केले. पण सिगारवाचून त्यांचे लेखन पुढे सरकेना. माणसाच्या सवयींमागील सुप्त कारणे उलगडून दाखवणाऱ्या या माणसाला स्वतःची एक सवय अखेरपर्यंत मोडता आली नाही. १९१७ मध्ये टाळूला दुखरी सूज आली होती. ती ओसरली आणि विसरलीही गेली.

एप्रिल १९२३

फेब्रुवारी १९२३ मध्ये टाळूच्या उजव्या बाजूला पांढरट चट्टा दिसू लागला. धूम्रपान बंद करण्याचा हुकूम निघेल या धास्तीने फ्रॉइड यांनी दोन महिने त्याची वाच्यता केली नाही. एप्रिलमध्ये डॉक्टर फेलिक्स डॉइच यांनी तोंड तपासले. ते काय आहे हे त्यांनी ओळखले; परंतु रुग्णाला कर्करोगाचे नाव सांगितले नाही.

कान-नाक-घसातज्ज्ञ मार्कुस हायेक यांच्या रुग्णालयात २० एप्रिल रोजी पहिली शस्त्रक्रिया झाली. किरकोळ काम, लगेच घरी जाता येईल, या समजुतीने कुटुंबीयांना कळवलेही गेले नव्हते. प्रत्यक्षात रक्तस्राव इतका झाला की फ्रॉइड यांना एका छोट्याशा खोलीत ठेवावे लागले. तेथे पुन्हा रक्त वाहू लागले. बोलवण्याची घंटा बंद पडलेली होती. त्या खोलीतील दुसरा रुग्ण, एक ठेंगू व्यक्ती, धावत जाऊन मदत घेऊन आला आणि फ्रॉइड वाचले. त्या रात्री कन्या ॲना त्यांच्या उशाशी बसून होत्या. पुढची सोळा वर्षे त्यांची ही जागा सुटली नाही.

शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार झाले. क्ष-किरणांचे उपचार गुइडो होल्त्सक्नेख्त यांनी केले. त्याशिवाय रेडियमही लावण्यात आले. रेडियमचा शोध लागून त्या वेळी जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. किती मात्रा द्यावी, ती किती दिवसांत विभागावी, शेजारच्या निरोगी अवयवांना कसे वाचवावे, याचे ठोकताळे अजून बसायचे होते. खुद्द होल्त्सक्नेख्त हे या अज्ञानाचे बळी होते. किरणांनी त्यांची बोटे पोखरली, पुढे हात कापावा लागला आणि १९३१ मध्ये त्यातच त्यांचे निधन झाले. फ्रॉइड यांना या उपचारांच्या वेदना पुढे कित्येक महिने सोसाव्या लागल्या. याच दिवसांत, १९ जून १९२३ रोजी, त्यांचा अवघा साडेचार वर्षांचा लाडका नातू हाइनेले क्षयाने दगावला. या आघातातून ते कधीच पुरते सावरले नाहीत.

जबड्याच्या शल्यविशारदाच्या हाती

त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये फ्रॉइड हे हान्स पिखलर यांच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या उपचारांना खरी दिशा मिळाली. पिखलर वैद्यकीय पदवीधर होतेच. शिवाय त्यांनी अमेरिकेत दंतवैद्यकाचे शिक्षण घेतले होते. पहिल्या महायुद्धात जबडा फुटलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांचा हात तयार झाला होता. जबडा कापायचा तर नंतर तो रुग्ण खाणार कसा, बोलणार कसा, याचा विचार शस्त्र उचलण्यापूर्वी करणारा हा माणूस होता.

ऑक्टोबर १९२३ मध्ये दोन टप्प्यांत मोठी शस्त्रक्रिया झाली. पहिल्या टप्प्यात मानेतील रक्तवाहिनी बांधून जबड्याखालच्या गाठी काढण्यात आल्या. दुसऱ्या टप्प्यात ओठ आणि गाल चिरून उजवीकडचा वरचा जबडा, त्यातील दात, टाळूचा मोठा भाग आणि खालच्या जबड्याचा काही अंश काढून टाकण्यात आला. तपासणीत रोगाचा अंश शिल्लक असल्याचे आढळल्याने नोव्हेंबरमध्ये पुन्हा शस्त्र चालवावे लागले. तेव्हा फ्रॉइड ६७ वर्षांचे होते.

वरचा जबडा आणि टाळू गेल्यावर तोंड आणि नाक यांच्यामधला पडदाच नाहीसा होतो. घोट नाकातून बाहेर येतो, शब्द नाकात विरून जातो. ही पोकळी बंद करण्यासाठी पिखलर यांनी एक मोठी कवळी तयार केली. घरात तिला राक्षस असेच नाव पडले. ती घट्ट बसली तरच बोलता आणि गिळता येई. घट्ट बसली की हिरड्या आणि गाल सोलवटून निघत. सैल केली की वेदना थांबत. पण बोलणे अशक्य होई. जबडा पुरेसा उघडत नसल्याने ती काढणे आणि पुन्हा बसवणे हे एक दिव्यच होते. एकदा फ्रॉइड आणि ॲना यांनी अर्धा तास खटपट करूनही ती बसेना, तेव्हा शल्यविशारदाला बोलवावे लागले.

कवळीचा संसार

उजव्या कानाने ऐकू येणे कमी झाल्याने रुग्णांना झोपवण्याचा जगप्रसिद्ध कोच आणि स्वतःची खुर्ची यांची मांडणी फ्रॉइड यांनी बदलून घेतली. चारचौघांत जेवणे त्यांनी सोडले. ज्यांच्या व्याख्यानांना एकेकाळी श्रोते गर्दी करीत, ते फ्रॉइड पुन्हा कोणत्याही आंतरराष्ट्रीय परिषदेच्या व्यासपीठावर उभे राहिले नाहीत. १९३० मध्ये फ्रँकफर्ट शहराने त्यांना मानाचा ग्योटे पुरस्कार जाहीर केला. तो स्वीकारून वडिलांचे भाषण वाचून दाखवले ते ॲना यांनी. लेखणी मात्र थांबली नाही. धर्म, संस्कृती आणि चिंता या विषयांवरील त्यांची महत्त्वाची पुस्तके कवळीच्या या काळातीलच आहेत. १९२६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर व्हिएन्नाला आले असता दोघांची भेट झाली. १९३१ मध्ये, पंच्याहत्तराव्या वाढदिवसानिमित्त, भारतीय मनोविश्लेषण संस्थेचे संस्थापक गिरींद्रशेखर बोस यांच्या पुढाकाराने कोलकात्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट आली. ती फ्रॉइड यांनी आपल्या लेखनाच्या मेजावर ठेवली.

अधिक चांगल्या कवळीचा शोध सतत चालूच होता. १९२८ मध्ये फ्रॉइड बर्लिनला हर्मान श्र्योडर यांच्याकडे गेले. १९३१ मध्ये हार्वर्डचे ख्यातनाम दंत-शल्यविशारद वाराझ्टाड काझांजियन यांना, ते युरोपात आले असता, व्हिएन्नाला पाचारण करण्यात आले. त्यांचे सहा हजार डॉलरचे शुल्क उभे करण्यात मारी बोनापार्त आदी शिष्यांचा पुढाकार होता. तरीही मनासारखी कवळी झाली नाही. दर काही महिन्यांनी पिखलर नवा संशयास्पद चट्टा कापत किंवा जाळत. तोंडातील जागेचा आकार बदले आणि कवळी पुन्हा बसेनाशी होई.

१९३४ मध्ये क्ष-किरण आणि रेडियमचा पुन्हा आश्रय घेण्यात आला. उपचारांचा त्रास अपेक्षेहून फार अधिक होऊ लागला. त्यामागे कवळीतील धातू असल्याचे निदान झाले. किरण धातूवर पडले की त्यातून दुय्यम किरण बाहेर पडतात आणि लगतच्या त्वचेला भाजतात. मग त्यासाठी वेगळी कवळी करावी लागली. आज किरणोपचारांपूर्वी तोंडातील धातूचे भराव आणि टोप्या तपासल्या जातात, त्यामागे हेच कारण आहे.

लाळ आटली की

किरणोपचारांनी दात का किडतात, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी लाळेत आहे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुऊन नेते, जंतूंनी तयार केलेले आम्ल सौम्य करते आणि दाताच्या कवचातून झिजलेले कॅल्शियम व फॉस्फेट परत मिळवून देते. डोके आणि मानेवर किरण पडले की लाळग्रंथी पहिल्या आठवड्यातच मंदावू लागतात. लाळ कमी होते, दाट होते आणि आम्लधर्मी बनते. मात्रा मोठी असेल तर ग्रंथी पुन्हा कधीच पूर्ववत होत नाहीत.

त्यानंतर जी कीड लागते ती नेहमीच्या किडीसारखी नसते. एरवी कीड दाढांच्या खाचांत किंवा दोन दातांच्या फटीत शिरते. येथे ती हिरडीलगत, दाताच्या मानेभोवती कडे करून पसरते. खालचे पुढचे दात सहसा सुरक्षित असतात, तेही सुटत नाहीत. किरणांच्या वाटेत न आलेले दातही किडतात, कारण लाळ सगळ्या तोंडाचीच आटलेली असते. सुरुवातीला फारशी वेदना होत नाही. काही महिन्यांतच दात काळवंडतो आणि एखाद्या दिवशी हिरडीजवळ मोडून पडतो. गिळताना त्रास होतो म्हणून रुग्ण मऊ, गोड पदार्थांकडे वळतो आणि किडीला आणखी खतपाणी मिळते.

खरा धोका पुढेच असतो. किरणांनी जबड्याच्या हाडातील सूक्ष्म रक्तवाहिन्या बारीक होतात, पेशी कमी होतात आणि जखम भरून काढण्याची हाडाची ताकद जाते. अशा हाडातून किडलेला दात उपटला, तर ती जखम भरत नाही. हाड उघडे पडते आणि हळूहळू मरते. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्याला हा धोका अधिक असतो, कारण त्याचा रक्तपुरवठा तुलनेने मर्यादित असतो.

पॅरिसच्या रेडियम संस्थेतील क्लॉड रेगो यांनी १९२२ मध्ये, म्हणजे फ्रॉइड यांच्या आजाराच्या आदल्या वर्षीच, किरणांनंतर हाड मरण्याच्या या प्रकाराचे वर्णन केले होते. त्याच संस्थेत शिकलेले क्यूबाचे हुआन देल रेगातो यांनी किरणोपचारांनंतरच्या दंतविकारांवर लिहिलेला निबंध १९३९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. फ्रॉइड यांच्या आयुष्याचे ते शेवटचे वर्ष होते.

लंडनमधील अखेर

मार्च १९३८ मध्ये नाझी सैन्य ऑस्ट्रियात घुसले. ॲना यांना गेस्टापोने दिवसभर चौकशीसाठी नेले, तेव्हा देश सोडण्यास आजवर नकार देणारे फ्रॉइड निघायला राजी झाले. ४ जून रोजी त्यांनी व्हिएन्ना सोडले. वय ८२ वर्षे. तीन महिन्यांतच रोगाने उचल खाल्ली. पिखलर विमानाने लंडनला आले आणि ८ सप्टेंबर रोजी त्यांनी पुन्हा गाल चिरून मोठी शस्त्रक्रिया केली. जखम भरत आली नाही. मेलेल्या हाडाचा एक तुकडा आत सलत राहिला. डिसेंबरअखेर तो बाहेर काढल्यावर थोडा आराम पडला. जबड्याचे हाड असे मरण्यामागे रोग, वारंवारच्या शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग आणि किरण यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येणारे नाही. पण इतक्या वेळा कापलेल्या आणि किरणांनी भाजलेल्या जबड्यात बरे होण्याचे बळ उरले नव्हते, हे उघड होते.

१९३९ च्या प्रारंभी रोग पुन्हा दिसला. विल्फ्रेड ट्रॉटर यांनी शस्त्रक्रिया शक्य नसल्याचे सांगितले. पॅरिसहून रेगो यांचे सहकारी आंत्वान लाकासाञ यांना सल्ल्यासाठी बोलावण्यात आले. नेव्हिल फिन्झी यांनी क्ष-किरणांचे उपचार सुरू केले. त्यांनी वेदना काही काळ कमी झाल्या. पण थकवा, चक्कर आणि तोंडातून रक्तस्राव सुरू झाला, उजव्या बाजूची दाढी गळून गेली. उन्हाळ्यात हाडाचा नाश वाढला आणि गालावर छिद्र पडले. जखमेच्या दुर्गंधीमुळे आवडती कुत्रीही जवळ येईनाशी झाली, याचे दुःख फ्रॉइड यांना फार लागले. माशा येऊ नयेत म्हणून पलंगावर मच्छरदाणी लावावी लागली. बुद्धी मंद होऊ नये म्हणून कडक वेदनाशामके त्यांनी जवळपास शेवटपर्यंत नाकारली. १ ऑगस्टपर्यंत ते रुग्ण तपासत होते.

डॉक्टर माक्स शूर यांच्याकडून फ्रॉइड यांनी १९२९ मध्येच एक वचन घेतले होते. वेळ येईल तेव्हा विनाकारण यातना लांबवायच्या नाहीत, असे ते होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी त्याची आठवण करून दिली. ॲना यांच्याशी बोलणे झाल्यावर शूर यांनी मॉर्फिन दिले. २३ सप्टेंबर १९३९ रोजी मॅरेसफील्ड गार्डन्समधील घरी फ्रॉइड यांची प्राणज्योत मालवली.

उशिरा आलेले शहाणपण

फ्रॉइड यांच्यानंतरच्या काळात डॉक्टर बराच काळ टोकाच्या उपायाकडे झुकले. किरणोपचारांपूर्वी निरोगी दातही सरसकट काढून टाकले जात. १९७० च्या दशकात अमेरिकेत ह्यूस्टन येथे सॅम्युएल ड्रायझेन आणि सहकाऱ्यांनी रोज फ्लोराइडचे जेल लावून लाळ आटलेल्या रुग्णांचे दात टिकवता येतात, हे दाखवून दिले. त्यानंतर दात काढण्याऐवजी वाचवण्याकडे कल वळला. किरणांची यंत्रेही सुधारली. मात्रा नेमकेपणाने वळवून कानाजवळच्या लाळग्रंथी वाचवण्याच्या तंत्राची ब्रिटनमध्ये चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारांनंतर वर्षभराने तोंड कोरडे पडण्याचा लक्षणीय त्रास जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होता. नव्या पद्धतीत तो ३८ टक्क्यांवर आला.

भारतात हा विषय परका नाही. तंबाखू, गुटखा, मिश्री आणि विडी यांमुळे येथील पुरुषांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले ते फ्रॉइड यांच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने, १९४१ मध्ये. तेव्हापासून जबडा गमावलेल्या किती रुग्णांनी फ्रॉइड यांच्यासारखीच कवळी तोंडात वागवली असेल!

कर्करोगाच्या धसक्यात दाताचा विचार मागे पडतो. नेमका तोच आधी व्हायला हवा. किरणोपचार ठरताच दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. वाचू न शकणारे दात किरणे सुरू होण्यापूर्वी किमान दोन-तीन आठवडे काढून घ्यावेत, म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो. उपचारांनंतर फ्लोराइडचा रोजचा वापर, वारंवार पाण्याचे घोट, गोड चघळण्याला फाटा, जबडा उघडण्याचा व्यायाम आणि ठरावीक काळाने तपासणी हे सारे जन्मभर पाळायचे असते. दहा वर्षांनंतरही दात काढायची वेळ आली, तर त्या जागी कधीकाळी किरणे दिली होती, हे दंतवैद्याला आवर्जून सांगावे. हाडाची ही दुर्बलता काळाबरोबर भरून निघत नाही.

फ्रॉइड यांना व्हिएन्नातील उत्तमोत्तम डॉक्टर, श्रीमंत शिष्य आणि अहोरात्र सेवा करणारी कन्या लाभली. त्यांच्या जबड्याला मिळाले नाही ते एवढेच साधे ज्ञान. आज ते कोणत्याही शहरातील दंतवैद्याकडे मिळते. फक्त पहिल्या किरणाच्या आधी त्याच्या दारी जायला हवे.